चाचीचा अकोल्यातला उन्हाळा

बोलायच्या आधी बॅण्डवाले चाचा माझ्या टेबलाच्या कडेवर बोटं नाचवायचे. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याची बोटं ती. शब्द तोंडात यायच्या आधी सूर बोटांत यायचे. मग मान तिरकी करून म्हणायचे, "बात अशी आहे, ताई."

अकोल्यातल्या आमच्या पतसंस्थेत मी कर्जाचं काम पाहते. घर थंड राहावं, वीज कमी लागावी म्हणून घरात सुधारणा करणाऱ्यांना आम्ही कमी व्याजाचं कर्ज सुरू केलं होतं. येणारे बहुतेक जण विजेच्या बिलाचं रडगाणं घेऊन यायचे. चाचांनी बिलाचा विषयच काढला नाही. कर्ज कशाला हवं विचारलं, तर म्हणाले, "बायकोले उन्हाळ्यात घरी ठेवाचं आहे."

मी हसले. ते हसले नाहीत.

त्यांचं घर टिनाचं. आपल्याकडचं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं! दोन कूलर लावूनही दुपारी आत बसवत नसे. एका मे महिन्यात चाचींना ऊन लागलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हापासून एप्रिल तापला की त्यांचा भाऊ येऊन त्यांना चिखलदऱ्याला नेई आणि पाऊस पडल्यावर आणून सोडी. चाचांना सोबत जाता येत नसे. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, बॅण्डवाल्याची वर्षाची भाकर तेवढ्याच दिवसांत.

"मी लोकाइचे संसार वाजतगाजत लावून देतो," ते म्हणाले, "अन् माह्या घरात उन्हाळाभर एकच ताट."

आमच्या संचालकांना मात्र धीर होईना. पगार नाही, बॅण्डची कमाई आज आहे तर उद्या नाही. भक्कम जामीनदार आणा, असं त्यांनी सांगितलं. चाचा मान हलवून निघून गेले. आता काही हे येत नाहीत, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आले ते दुसऱ्या बॅण्डच्या मालकाला घेऊन. दोन वराती समोरासमोर आल्या की हे दोघे रस्ता अडवून एकमेकांवर कडी करायचे, हे साऱ्या गावाला ठाऊक. मालकांनी खुर्ची ओढली आणि संचालकांना सरळच सांगितलं, "याची बायको गेली की हा घोड्यासमोर बिदाईच्या धुना वाजवते. नाचाचं सोडून लोकं डोळे पुसते. मले मुकाबल्यात मजाच नाही येऊन राहिली. मी राहतो जामीन."

संचालकांना हसू आवरेना. कर्ज त्याच बैठकीत मंजूर झालं.

टिनावर ऊन परतवणारा पांढरा रंग लागला, त्याखाली उष्णता अडवणारा जाड थर घालून छत आलं, कमी विजेचे पंखे लागले, एक कूलर निघाला. चाचा येताजाता डोकावून खबर देत. एकदा भर दुपारी आले, हात पुढे करून म्हणाले, टिनाला लावून पाहिला, भाजला नाही.

एप्रिलमध्ये मेहुणे नेहमीसारखे जीप घेऊन हजर. चाचांनी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि विनंती केली, की दुपारी इथे जरा पडा, मग हिला खुशाल न्या. मेहुणे पडले ते चहाच्या वेळेपर्यंत घोरत होते. उठले, तोंड धुतलं, बहिणीकडे पाहिलं आणि एकटेच चिखलदऱ्याला परतले. ही हकिकत सांगताना चाचांना आनंदानं धड बसवत नव्हतं.

मे महिन्यात मी काम पाहायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते बार्शीटाकळीच्या लग्नाला निघाले होते. अंगात लाल कोट, दारात बॅण्डचा टेम्पो. वर चढल्याबरोबर त्यांनी सूर धरला. लग्न तिकडे, पण गल्लीतली पोरं इथेच नाचायला लागली.

चाची डोक्यावर पदर घेऊन दारात उभ्या. चिखलदऱ्याची हवा आठवत नाही का, असं मी विचारलं.

"थंडक तिथं लई होती, बाई," त्या म्हणाल्या. "पण हा आवाज नव्हता."

टेम्पो वळणाआड गेला. सूर ऐकू येत होते तोवर चाची दारातून हलल्या नाहीत.