रोटाचा तुकडा

मंडळी, आज गावी आमच्या कानबाईचे, म्हणजे खानदेशातल्या आमच्या देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, रोट होते.

आमची तनू अकरा वर्षांची. ईशान्येकडच्या अनाथालयातून तिला दत्तक आणलं तेव्हा दीड वर्षाची होती. बारीक डोळ्यांमुळे शाळेत तिला ‘चायनीज’ म्हणतात. ती त्यांना अहिराणीत असं झोडपते की मास्तरही हसतात.

रोटाचे गहू घेताना घरातल्यांच्या नावाने मुठी पडतात. यंदा तनूच्या नावाचीही मूठ मी घातली. वाटलं, झालं काम.

संध्याकाळी पंगतीत बायको तिला रोट वाढायला वाकली. माझे थोरले चुलते, आबा, बायकोला हळूच म्हणाले, "ती पोरले नको दिऊ. रोट आपला कुळनाच लोके खातस."

मी केळीचा व्यापारी. लिलावाच्या गोंगाटातही चार माणसांपलीकडची कुजबुज मला ऐकू येते. हीपण आली. मी मान खाली घालून खीर ढवळत बसलो.

तनू हसून म्हणाली, "आबा, माले भूकच नही शे." आणि पानावरून उठली.

परतताना गाडीत तिने विचारलं, "पप्पा, आबा बोलले ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं ना?"

"नाही गं," मी म्हणालो.

माझे कान किती तिखट आहेत, हे तिच्याइतकं घरात कुणालाच माहीत नाही.

शून्यातून धंदा उभा केला, भल्याभल्यांशी भांडलो. आज चार शब्द फुटले नाहीत.

उद्या कानबाईचं विसर्जन. त्यासाठी घेतलेला नवा फ्रॉक तिने घरी येताच कपाटात परत ठेवलाय. तिच्याशी काय बोलू, सांगेल का कुणी?