टाकलेलीचं हळदीकुंकू

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण एक मूर्खपणा मी चक्क ताटात सजवून, वर रुमाल झाकून, समोरच्या घरी पोचवून आले.

लग्न होऊन सोलापुरात आले त्याला वर्षही झालं नव्हतं. सत्तरच्या दशकातली मॅट्रिक पास सून म्हणजे, निदान माझ्या मते तरी, सगळ्या गल्लीचं भाग्य! संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं करायला मला पाठवताना सासूबाईंनी बजावलं, "समोर जाऊ नकोस. ती टाकलेली आहे."

समोर तेलुगू विणकरांचं घर. विधवा सासू आणि सून, दोघीच. मुलगा भिवंडीला मागावर कामाला म्हणून गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. सून दिवसभर उंबऱ्यात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर ठसठशीत कुंकू. हिला सवाष्ण का म्हणायचं नाही, असं मला फार वाटायचं. पण सासूबाईंसमोर माझी मॅट्रिक फडताळात जाऊन बसायची.

हळदीकुंकवाला बायका आल्या. समोर तिनं सूप बाजूला सारलं होतं. चांगलं इरकली लुगडं नेसून, वेणी घालून बसली होती. आमच्या दाराकडं अजिबात बघत नव्हती, म्हणजे सारखी बघतच होती. मी बायकांच्या हाताला अत्तर लावत होते, गुलाबपाणी शिंपडत होते. दुसरं काय करणार होते?

सगळ्या गेल्यावर मला दयेचा उमाळा आला. तिळगूळ, करंडा, वाणाची वाटी ताटात मांडली आणि निघाले. समोरच्या दारात तिची म्हातारी सासू आडवी आली.

"आता व्हय? बोलावलं का न्हाईस?"

मी आपली शहाणी, समजावून सांगितलं, "आजी, त्या टाकलेल्या ना. चारचौघीत कुणी काही बोललं असतं. म्हणून घरीच आणलं."

सून उठून आत गेली. परत आली ती रोजच्या विटक्या लुगड्यात. सूप मांडीवर ओढलं. ताट परत न्यावं तर तिचा अपमान, ठेवावं तर कुठं, कुणी हात पुढं करेना. मी म्हटलं, "चला ना वहिनी, आत्ता चला."

"आता कोन हाय तितं?" ती पानं कातरत म्हणाली.

खरंच कुणी नव्हतं. सासूबाई सतरंजीची घडी घालत होत्या.

म्हातारीनं ताटावरचा रुमाल सारखा केला. रागावली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली,

"पोरी, माज्या पोटचा त्यो. मला बी टाकून गेला की. मग मला का गं कुनी टाकलेली म्हनत न्हाई?"