मयेकरकाकूंचं पाणी

सकाळी उठल्यावर माणसं घड्याळ बघतात, मयेकरकाकू तिथी बघायच्या. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहत. फ्रिजशेजारी मराठी कॅलेंडर टांगलेलं असे. तिथी बघायची, ओठांतल्या ओठांत तिची पाऊणपट करायची आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत जाहीर करायचं, "आता पाणी जेटीच्या वरच्या पायरीला लागलं असेल." जेटी मालवणची. मध्ये किती राज्यं पडतात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

मी लग्न होऊन पुण्याहून नवीनच आले होते. मला वाटलं, बाईंचं काही तरी बिनसलंय. तिथीवरून भरतीची वेळ काढतात हे पुण्यात कुणी शिकवत नाही. तिथे पाणी म्हणजे धरणातलं, आणि त्यावरून भांडायचं एवढंच ठाऊक. काकूंनी पहिल्याच आठवड्यात मला हिशेब पढवला. "तिथीची पाऊणपट कर, तितक्या वाजता भरती भरते. मग सुकती लागते, म्हणजे तुमची ओहोटी. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. भांगाचं पाणी मरगळलेलं, धड चढत नाही नि धड उतरत नाही. एवढं आलं की मालवणात तू उपाशी मरायची नाहीस." मालवणात जाऊन राहायचा माझा काहीएक विचार नव्हता, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

हेच शब्द त्यांनी आमच्या नळालाही लावले होते. कॉलनीत पाणी पहाटे येई आणि बघता बघता जाई. आलं की जिन्यातून हाक, "मेघना, पाणी इला गो!" धार जोरात असली की आज उधाण, करंगळीएवढी असली की भांग. समोरच्या हरियाणातल्या भाभीसुद्धा पुढे पुढे बादली लावताना म्हणू लागल्या, "मयेकरजी, आज तो भांग है जी." काकूंना त्याचा कोण आनंद.

हिवाळ्यातल्या दुपारी आम्ही बायका कॉलनीच्या बागेत उन्हाला बसून मटार सोलत असू. तेव्हा काकू आम्हाला गाव हिंडवून आणत. भरड नाक्यावर एस्टीतून उतरायचं, बाजारपेठेतून खाली यायचं, बर्फाच्या कारखान्याकडे वळायचं की खारा वारा तोंडावर. संध्याकाळी होड्या लागल्या की लिलावाचा गलका, चिवल्याच्या वाळूत पोरांचा फुटबॉल, आणि सुरमईच्या भावावरून सख्ख्या जावा एकमेकींशी बोलायच्या बंद. कुणी म्हणालं, "कितनी शांति होगी वहाँ," की त्या दुखावल्यासारख्या बघत. "शांति? अहो, आमचं गाव एक मिनिट गप्प बसत नाही. शांति पाहिजे तर इथे लोधी गार्डनला जा." त्यांना त्या गलक्याचीच ओढ होती. दिल्लीत गर्दी रगड, पण तिच्यात आपल्या नावाने हाक मारणारं कुणी नाही, असं त्या म्हणत.

मालवणला परत जाऊन राहायचं, हे त्यांचं ठरलेलं होतं. मालवणातल्याच मेढ्यात माहेरच्या घरात भाऊ-भावजयीने त्यांची एक खोली राखून ठेवली होती. आधी काका लवकर निवृत्ती घेणार होते, तेव्हा जायचं होतं. मग मुलाचं, निखिलचं इंजिनीअरिंग आलं. मग काकांचं हृदय कुरकुरू लागलं, आणि एका फेब्रुवारीत काकाच गेले. क्वार्टर सुटलं. निखिलने गुरुग्रामला एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता, तिथे त्याची मुलगी ईरा जन्मली होती, आणि तिला सांभाळायला आजी हवी होती. "पुढच्या गणपतीत जाईन," असं काकू म्हणत. इतके गणपती येऊन गेले की मी विचारायचं सोडून दिलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. दर नारळी पौर्णिमेला त्यांचा नारळ समुद्राला गेलाच पाहिजे. श्रावण लागायच्या आत त्या कोकणात जाणारं माणूस हुडकत. जुन्या साडीच्या तुकड्यात हळदकुंकू लावलेला नारळ गुंडाळायचा आणि बजावायचं, "मालवणला नाही तर वेंगुर्ल्याला दे, फार तर रत्नागिरीला. मुंबईला नको, तिथल्या समुद्राची नि माझी ओळख नाही." मी एकदा सुचवलं की यमुना जवळ आहे. त्या म्हणाल्या, "नदीची ओटी भरतात गो. नारळ हा समुद्राचा मान."

तीन वर्षांपूर्वी माणूस हुडकायची पाळी आली नाही, कारण आम्हीच निघालो. माझा नवरा सुधीर नागपूरचा. समुद्र त्याने मुंबईत एकदा टॅक्सीतून बघितलेला. काकूंचं वर्णन ऐकून ऐकून त्यालाच मालवणचा ध्यास लागला होता. निजामुद्दीनहून गाडी पकडली, कुडाळला उतरलो, आणि मालवणात पाऊल टाकल्याटाकल्या मी काकूंना व्हिडिओ कॉल लावला.

मग एकोणिसाव्या मजल्यावरून काकूंनी आम्हाला गाव दाखवायला सुरुवात केली. "आता बर्फाच्या कारखान्याकडे वळ." कारखान्याच्या जागी होमस्टे होता, दारात पुण्याच्या तीन गाड्या. "बरं, त्याच्यापुढे शिंप्याचं दुकान." तिथे समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्यांचा रंगीत फलक, पावसाळ्यापुरता ताडपत्रीखाली. एकही खूण जागेवर नव्हती. मला धास्ती वाटू लागली की आता काकूंच्या डोळ्यांना पाणी येणार. पण त्या फोनला नाक लावून म्हणाल्या, "बरां झाला. गाव म्हातारं होता कामा नये. म्हातारं व्हायला आम्ही आहोत." मग फोन समुद्राकडे धर म्हणाल्या. मागून ईराचा आवाज येत होता, "आजी, व्हॉट आर यू सीइंग? दिखाओ ना."

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. बंदरावर ही गर्दी. बायका नारळावर नारळ आपटून नारळ लढवत होत्या, हरणारीला सगळ्या मिळून चिडवत होत्या, भज्यांच्या घाण्याचा वास सुटला होता. काकूंनी निघतानाच बजावलं होतं, "भरती भरून सुकती लागली की मगच दे. जेवणं आटोपून जा." पण सुधीरला दम कुठला. मी नारळ लढवणाऱ्या बायका बघण्यात गुंगलेली, आणि ह्याने दहाच्या सुमाराला, उधाणाचं पाणी चढत असताना, हात जोडून, क्रिकेटचा चेंडू फेकावा तसा नारळ भिरकावला. एका लाटेने तो घेतला. दुसरीने, तिसरीने घोळवला, आणि थोड्या वेळात आणून सरळ सुधीरच्या चपलेशी ठेवला.

शेजारची एक म्हातारी कोळीण पोट धरून हसली. "चढत्या पाण्यात खय टाकतंस, बाबा? ता घेवन येतला, नेवचा नाय." सुधीर पुन्हा टाकायला निघाला, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. आधी काकूंना विचारावं म्हटलं.

फोनवर मी कसंबसं सांगितलं. काकू रागावतील अशी तयारी ठेवली होती. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नारळ तसाच घेऊन ये. पुन्हा टाकू नकोस." मी म्हटलं, "काकू, सुकतीला टाकतो ना. दुपारी." "नको. इतकी वर्षं समुद्राने दुसऱ्यांच्या हातून घेतला. आता त्याला पुरे झालंय. माझ्या हातून पाहिजे त्याला."

तो नारळ तसाच दिल्लीला परत आला. काकूंनी तो गुरुग्रामच्या देवघरात ठेवला आणि रविवारी, आम्ही जेवायला गेलो असताना, भात वाढता वाढता निखिलला सांगितलं, "पुढची नारळी पुनव मी बंदरावर करणार. आणि मग तिथेच राहणार."

निखिल वाईट मुलगा नाही. घाबरतो. "आई, प्रॅक्टिकली विचार कर ना यार. तुझे गुडघे, तुझं बीपी. रात्री काही झालं तर मी इथून कसा पोचणार? आणि ईराचं काय?"

"ईरा आता लिफ्ट एकटी चालवते. माझे गुडघे आज चालतात, म्हणून आज म्हणतेय. चालेनासे झाले की तूच म्हणशील, आता कुठे जातेस. पाणी उतरल्यावर होडी ढकलून काय उपयोग, बाळा?" त्यांचा आवाज चढला नव्हता. निखिलने ताट बाजूला सारलं. मग त्याने विचारलं, "मला सोडून राहशील तू?" काकू म्हणाल्या, "नाही राहवणार. तरी जाईन." इतकं खरं उत्तर मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

पुढच्या श्रावणात निखिलच त्यांना पोचवायला गेला. निजामुद्दीनच्या फलाटावर आम्ही सगळे होतो. समोरच्या भाभी पराठे घेऊन आल्या होत्या. काकूंच्या मांडीवर तो नारळ. मला रडू आवरेना, तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली. "गेलेलं पाणी परत येत नाही, असं तुम्ही घाटावरचे म्हणता. आमच्याकडे रोज दोनदा येतं." गाडी हलली तरी त्या मला कुठल्या डब्यात लोणचं ठेवलंय ते सांगत होत्या.

नारळ त्यांनी दुपारी दिला, सुकतीला. निखिल सांगतो, तो बघता बघता दिसेनासा झाला, आणि आईने पाण्यावरची नजर न काढता विचारलं, "तुझी परतीची गाडी किती वाजता?"

काकू तिथे रमल्या. रोज संध्याकाळी लिलावाला जातात, घ्यायचं काही नसलं तरी भाव पाडून येतात. होमस्टेवाल्या पोरींना वडे करायला शिकवतात. मे महिन्याच्या सुट्टीत ईरा जाते आणि 'इलंय, गेलंय' बोलत परत येते. आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये आता भोपाळचं कुटुंब आहे. माणसं भली आहेत, पण जिन्यात हाक येत नाही. पहाटे नळ फुरफुरला की मी अजून क्षणभर थांबते. मग उठून तिथी बघते, पाऊणपट करते, आणि काकू आत्ता ओल्या वाळूत असतील की कोरड्या, हे मला कळतं. कळून काय करायचं, ते मात्र त्यांनी शिकवलं नाही.

परवा पहाटे बादली लावत होते, तर फोन वाजला. इतक्या लवकर कुणाचा म्हणून ओल्या हातानेच उचलला.

"काय गो, उठवलं नाही ना?" काकू म्हणाल्या. "अगं, माझी झोपच मोडते या वेळेला. उठून बादली शोधते. भावजय हसते मला, म्हणते, वन्सं, दारात विहीर आहे आपल्या. तिला काय सांगू." मग जरा थांबून, "पाणी इला काय तुमच्याकडे?"

"आलंय काकू. पण धार अगदी बारीक आहे."

"भांग असेल," त्या म्हणाल्या.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. अष्टमी होती. बादली भरून वाहू लागली, तरी आम्ही दोघींनी फोन ठेवला नाही.