नखाएवढा रिसीव्हर

बावीस वर्षं टायपिंग करून टायपिस्टबाईंचं मनगट कामातून गेलं होतं. मनगटाला आराम देणारा वायरलेस कीबोर्ड आणि माऊस मागितला, तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, नाटकं पुरे!" डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे शेवटी संच आला, तर तो साहेबांनी स्वतःच्याच टेबलावर मांडला. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या कॉम्प्युटरमधून त्याचा नखाएवढा रिसीव्हर काढला आणि पर्समध्ये टाकला. त्याच्याविना दोन्ही वस्तू मुक्या.

"बाई, हा कीबोर्ड एक अक्षर उमटवत नाही हो!"

"नाटकं करत असेल, साहेब."

आठवडाभर डोकं आपटून साहेबांनी संच बाईंपुढे आदळला. "घ्या तुमचं भंगार!"

बाईंनी शांतपणे पर्स उघडली. पहिलंच पत्र साहेबांना टाईप केलं: "संच उत्तम चालतो. आभारी आहे."