जात्याची आंघोळ

रोज पहाटे दळायला बसण्याआधी अंबूबाई जात्याचा वरचा दगड उचलून बाजूला ठेवीत. खाचांत अडकलेलं पीठ कुंच्यानं झाडीत, दोन्ही दगड ओल्या फडक्यानं पुशीत आणि ते सुकेपर्यंत गुडघ्यावर हनुवटी टेकून बसून राहत. मग पहिली मूठ ज्वारी दळून ते पीठ गाईपुढे टाकीत. त्यानंतरचं पीठ तेवढं रुख्मिणीचं.

दुसरबीडच्या त्या गल्लीत याला 'जात्याची आंघोळ' म्हणत. पाण्याला निघालेल्या बाया दारातून विचारत, "काय अंबू, आज डोक्यावरून घातली का नुसती अंगावरून?" अंबूबाई फडकं पिळीत राहत.

रुख्मिणी त्यांची एकुलती मुलगी. चार वर्षांची झाली तरी कडेवरून उतरत नव्हती. पोट घागरीसारखं, हातपाय तुराट्या, जुलाब थांबायचं नाव नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी, रंगरावांनी, वांग्यांची तोड अर्धी टाकून मायलेकींना औरंगाबादला नेलं. विलायतेत शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की या पोरीच्या आतड्याला गहू सोसत नाही. यावर औषध नाही. पोळी नको, शेवया नकोत, रवा नको, बिस्कीट नको, आणि तेही जन्मभर. ज्वारी, तांदूळ, डाळी खुशाल द्या. गव्हाचा मात्र कणसुद्धा पोटात जाता कामा नये. रंगरावांनी त्यातून एवढंच घेतलं, की पोळी कमी द्यायची. अंबूबाईंनी कण म्हणजे कण धरला.

घरात जातं एकच होतं, गहूही त्यावरच दळला जाई. दुसरं आणायची गोष्ट काढताच सासूबाई, कौशल्याबाई, म्हणाल्या होत्या, "दुसरं जातं आलं का त्याच्या मागं दुसरी चूल येते. मी मेल्यावर मांडजो." म्हणून ती आंघोळ.

दिवाळीपर्यंत पोरीचं पोट उतरलं. ती अंगणात धावू लागली आणि तिथंच घोटाळा झाला. कौशल्याबाई मारुतीला बोलल्या होत्या, की नात बरी झाली तर पारावर रोडगे करीन. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले. आणि रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस, पहिला घास त्याचा.

"ज्वारीचे करा," अंबूबाई म्हणाल्या.

"देवाले ज्वारी? तो काय रोजानं आलाय का आपल्या वावरात?"

पारावर भावकी जमली. पुरुषांनी विस्तव पाडला, रोडगे भाजले, वांग्याची भाजी शिजवली. भावकीतले वडीलधारे महादेवराव तुपात बुडवलेला तुकडा घेऊन रुख्मिणीपुढे आले. अंबूबाईंनी पोरीचं तोंड पदराखाली ओढलं.

"सूनबाई, परसादाले इख म्हन्तं का तू?"

"परसादाले नाई. गव्हाले म्हन्तो."

त्यांनी तो तुकडा महादेवरावांच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. "माह्या पोटातून आली हे. माह्या पोटात गेला म्हंजे झाला नवस."

पंगत बसली, पण अंबूबाईंच्या पानाशेजारी कोणी पान मांडलं नाही. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "रंगराव, गाय मोकळी सोड अन् बायको दावणीले बांध बे." सगळे हसले. रंगराव भाजी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई मळ्यात गेल्या, तेव्हा कौशल्याबाईंनी पदरात बांधून आणलेला रोडगा दुधात कुस्करला आणि नातीला भरवला. कुरवाळून, गोष्ट सांगून भरवला. पोरीनं वाटी चाटून पुसून खाल्ली आणि संध्याकाळी आईला कौतुकानं सांगितलं. पुढेही आईच्या माघारी वाटी चालूच राहिली असावी, कारण महिना सरता सरता पोट पुन्हा घागर झालं.

"होईनच," कौशल्याबाई म्हणाल्या. "पयला घास तिचा, खाल्ला तू. देव काय आंधळा हाय?"

अंबूबाई भांडल्या नाहीत. बाजाराच्या दिवशी त्यांनी नवं जातं घेतलं आणि एकेक दगड डोक्यावर, असं दोन खेपांत घरी आणलं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला मांडलं. शेजारी चूल घातली. त्यानंतर सासूसुना एकमेकींशी बोलल्या नाहीत. रंगराव सणाला आईकडे पोळी खात, एरवी बायकोकडे भाकरी, आणि दोन्हीकडे मान खाली घालून. नव्या जात्यावर गव्हाचा दाणा कधी पडला नाही. तरी रोज पहाटे त्याची आंघोळ होई. गल्लीवर अंबूबाईंचा भरवसा नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर लाल गहूच आला. तो घेऊन त्या दारोदार ज्वारी मागत हिंडल्या. लोक दोन मापांना एक माप देत. "राजाची पोर हाय ना, गहू टोचते तिले." अंबूबाई माप शिगेपर्यंत भरलंय का तेवढं बघत.

रुख्मिणीला बघायला सुलतानपूरचे तुळशीराम आपल्या मुलाला घेऊन आले. ते टेकण्याआधीच अंबूबाई म्हणाल्या, "पोरगी गहू खात नाई. दिवाळीलेही नाई. चालत असन त बसा, नाई त चहा घेऊन निघा."

तुळशीराम बसले. "आमच्याकडं तरी रोज कुठं पोळ्या हायेत, बाई."

आंदणात ते जातं गेलं.

पुढच्या साली अंबूबाईंना कावीळ झाली. रुख्मिणी आली, पोटुशी होती. त्या दिवशी कौशल्याबाई पाहुण्यांसाठी कणीक मळत होत्या. नातीला भूक लागली ऐकून त्या तशाच उठल्या आणि टोपल्यातली भाकरी घ्यायला वाकल्या. खाटेवरून अंबूबाईंनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या सासूशी बोलल्या.

"आत्याबाई, हात."

कौशल्याबाई न्हाणीत गेल्या. कोपरापर्यंत हात धुऊन आल्या आणि दोन्ही पंजे सुनेच्या तोंडापुढे धरले, मारल्यासारखे. अंबूबाईंनी ते नीट पाहिले. पहाटे त्या गेल्या. त्याआधी बोलल्या ते एवढंच:

"नखात राह्यली. पुन्हा धुवा."