पायात रिंग असलेला ससाणा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., फर्स्ट क्लास. हे मी सगळीकडे सांगतो. पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही सांगितलं होतं. तरी तिथे माझी एकही नोंद धरत नव्हते. थंडी पडली की इथे आखातात उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरतात आणि आमचा ग्रुप जागा होतो. अल रीमच्या बाल्कनीतून हे दिसलं, ऊद मेथाला शाळेच्या कुंपणावर ते दिसलं. मी काही टाकलं की ग्रुपचे सर, पुण्याचे इंजिनिअर, विचारायचे, "फोटो? साक्षीदार?" माझ्या फोटोत फक्त फांदी यायची.

या हिवाळ्यात एक तरी नोंद पास करून घ्यायचीच, या जिद्दीने एका रविवारी बायको-मुलीला घेऊन उम्म अल कुवैनच्या खाडीवर गेलो. आणि वाळूच्या ढिगावर तो बसलेला! भलामोठा, जवळजवळ पांढरा ससाणा. दुर्बीण लावली तर पायात काहीतरी चमकलं. मी लगेच ग्रुपवर टाकलं : "दुर्मिळ ससाणा. पायात रिंग. म्हणजे शास्त्रज्ञांनी अभ्यासासाठी सोडलेला. साक्षीदारांनी यावं."

सरांचा फोन आला. "हलू देऊ नका त्याला. निघालोच."

अबुधाबीहून यायला वेळ लागतो. पण ससाणा जागचा हलेना.

"बाबा, ही इज नॉट ईव्हन स्केअर्ड ऑफ अस," मुलगी म्हणाली.

"अहो, एवढा वेळ एका जागी बसायला त्याला ऑफिस नाही का?" बायको.

"लांबचा प्रवास करून आलाय. थकलाय," मी विज्ञान सांगितलं.

सर आले, मागोमाग निम्मा ग्रुप आला. तोफांसारखे कॅमेरे लागले. सर हळूच म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला." माझी छाती फुगली.

इतक्यात वाळू उडवत एक लँड क्रूझर आली. पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घातलेला एक अरब उतरला, हातात अँटेना. त्याने शीळ घातली. माझा दुर्मिळ ससाणा उडाला आणि थेट त्याच्या हातमोज्यावर जाऊन बसला. पायात रिंग नव्हती, चामड्याच्या वाद्या होत्या, त्यांना पितळी कडी.

"ये मेरा है. कल से ढूँढता है," तो म्हणाला. "कौन देखा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कौतुकाने नव्हे, हे सांगायला बी.एस्सी. लागत नाही.

पण तो माणूस हरखून गेला होता. "हबीबी!" म्हणत त्याने मला मिठी मारली, सगळ्यांना खजूर आणि गावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, दिली, वर त्याचा हातमोजा माझ्या हातात चढवून ससाणा माझ्याच मुठीवर बसवला. मुलीने फोटो काढला. फांदी नाही, नुसता पक्षी. आणि मी.

तो मी तिथूनच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : "फोटो आहे. साक्षीदारही आहेत."

माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून सरांनी उत्तर टाईप केलं : "पाळीव पक्षी. नोंद बाद."

गावी आईलाही पाठवला. तिचा फोन आला, "हातावर कशाला घेतलंस मेल्या? कोंबडीची पिल्लं पळवतो तो!"

ओळख तरी पटली. तीही फोटोवरून.