चार सम्राटांचं वर्ष आणि माझी दोन पानं

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत होतो. फोन ठेवल्यावर मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं वाटलं... सुटल्यासारखं. हे लिहिताना लाज वाटते, पण सुरुवात तिथूनच करायला हवी.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, कुंडलचा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. फौजेतून सुभेदार होऊन परतला, ऊस लावला आणि सोबत एक भलतंच वेड घेऊन आला. रोमच्या इतिहासातलं एकच वर्ष, इसवी सन ६९. बर्फातल्या कुठल्याशा ठाण्यावर, पलटणीच्या कपाटात त्याला मुखपृष्ठ फाटलेलं एक पुस्तक सापडलं होतं. त्या एका वर्षात रोमला चार सम्राट झाले. म्हाताऱ्या गाल्बाला त्याच्याच पहारेकऱ्यांनी भर चौकात मारलं. ओथो तीन महिने टिकला. लढाई हरल्यावर, आपल्यापायी आणखी माणसं मरायला नकोत म्हणून त्यानं स्वतःच खंजीर खुपसून घेतला. व्हिटेलियसला डिसेंबरात रस्त्यातून फरफटत नेलं. शेवटी व्हेस्पाशियन उरला. दादाला सम्राटांचं फारसं काही नव्हतं, त्याला शिपायांचं पडलं होतं.

“मास्तर, आमी जल्मात एकदाच शपथ घेतली,” तो मला म्हणायचा. “ह्या गड्यांनी एका वर्षात तीन-तीन येळा घेतली रं. घास कसा उतरला आसंल त्यांच्या नरड्याखाली?”

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, लाईट यायची वाट बघत त्यानं सहा वह्या लिहिल्या. गावात चेष्टा व्हायची. पारावरून कुणीतरी ओरडायचं, “आवं सुभेदार, कितवा राजा पडला?” सायकल न थांबवता दादा सांगायचा, “दुसरा पडला. तिसरा जेवतोय अजून.” व्हिटेलियस खादाड होता, हे त्यामुळं निम्म्या कुंडलला ठाऊक झालं.

चार वर्षांपूर्वी तो त्या वह्या कॅनव्हासच्या पिशवीत घालून एस.टी.नं साताऱ्याला आला. नव्या माणसाचं पुस्तक कुणा शिकलेल्याच्या प्रस्तावनेशिवाय छापायला द्यायचं नसतं, अशी त्याची पक्की समजूत. मी इतिहासाचा प्राध्यापक. “तुझी दोन पानं म्होरं असली की लोक वाचत्याल,” तो म्हणाला. मी दिवाळीपर्यंत देतो म्हणालो.

तीसेक पानं वाचली आणि थांबलो. त्याचे रोमन शिपाई एकमेकांना “लय गारठा हाय रं” म्हणत होते. याला माझं नाव लावलं तर कॉलेजातले हसतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. तसं सांगायला हवं होतं, नाही म्हणायला हवं होतं. मी मात्र चार वर्षं “निम्मी झालीय” म्हणत राहिलो. दर संक्रांतीला त्याचा फोन यायचा. तिळगुळाचं बोलून झालं की तो थोडा थांबायचा... त्या थांबण्याचा मला राग यायचा.

सांगलीच्या दवाखान्यात भेटलो ती शेवटची भेट. नाकात नळी होती.

“झाली का रं?”

“झाली दादा. टाइपला दिलीय.”

त्याचा चेहरा उजळला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, “भाऊ हाय माझा. प्रोफेसर. ह्यानं लिवलंय माझ्या पुस्तकावर.” मग मला, “रविवारी आण, वाचून दाखव.” तो गुरुवारी गेला.

दहाव्याला गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर भेटले. म्हणाले, “मी दोनदा म्हणालो त्यांना, सुभेदार, तुमचा भाऊ कामात असेल, मी देतो चार ओळी लिहून. ऐकेनात. म्हणाले, भावानं शब्द दिलाय. निष्ठा बदलणाऱ्यांचं काय हुतं, ते मीच लिवलंय की गुरुजी.”

त्यानंतर मी सहाही वह्या वाचल्या. ओथोच्या चितेपाशी त्याचे शिपाई त्याचे हात धरून रडतात, काहीजण तिथंच जीव देतात. तो प्रसंग मी वर्गात कितीदा शिकवला असेल. दादाच्या वहीत तो पहिल्यांदा घडताना दिसला, आणि त्याच भाषेमुळं दिसला. मग बसून प्रस्तावना लिहिली. दीड तास लागला.

गेल्या रविवारी कुंडलला गेलो. वहिनी मोटारीच्या खोलीत लाईटची वाट बघत बसल्या होत्या. आता ते काम त्यांच्याकडं आलंय. पदराला हात पुसून त्यांनी कागद घेतले. दोन्ही पानं पाहिली, उलटी करून पाठीमागंही पाहिलं, मग माझ्या पिशवीकडं बघितलं.

“येवढीच व्हती व्हय, भावजी?”